जागेच्या कागदांत मातीचा अहवालही हवा

वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर रोज जाहीर नोटिसा छापून येतात. तमाम जनतेस कळविण्यात येते की, अशी सुरुवात. मग मौजे, तालुका, प्लॉट नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा आणि शेवटी चौदा दिवसांत लेखी हरकत घेण्याची सूचना. जागा घेणाऱ्याचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो. गहाण, बक्षीसपत्र, वारसांचे हक्क, भाडेकरू, कोर्टातला दावा, यातले काही सुटू नये म्हणून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातले पानन् पान उलटले जाते. पण त्याच तीस वर्षांत त्या प्लॉटवर काय बनत होते, रसायनांची पिंपे कुठे ठेवली होती, सांडपाणी कुठे सोडले होते, हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. मालकी अगदी निर्वेध आणि खालची जमीन विषारी, असा व्यवहार इथे बिनबोभाट होऊ शकतो. होतोही.

मी भूशास्त्रज्ञ आहे. ठाण्यात राहते. जुन्या कारखान्यांच्या जागांवर बोअर घेऊन माती आणि भूजलातले धातू तपासणे हे माझे काम. माझे बहुतेक ग्राहक परदेशी कंपन्या किंवा परदेशी पैसा असलेले गुंतवणूकदार असतात, कारण त्यांच्या मुख्यालयाची तशी अट असते. इथला बिल्डर, इथला लघुउद्योजक, इथली सहकारी बँक असा अहवाल स्वतःहून मागवते, हे मी क्वचितच पाहिले आहे. ज्या जागेवर कधीकाळी कारखाना होता ती विकताना किंवा तिचा वापर बदलताना माती आणि भूजलाची तपासणी सक्तीची करावी आणि तिचा अहवाल टायटल रिपोर्टसोबत खुला ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे. ती का, ते सांगते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली सुरू झाले आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. आज तिथे संध्याकाळी भोंगा वाजत नाही, ऑफिसं सुटल्यावरची गर्दी असते. मुलुंड-भांडुपचा लालबहादूर शास्त्री मार्ग घ्या, लोअर परळच्या गिरण्या घ्या, पिंपरी-चिंचवड घ्या. कारखाना जातो आणि त्या जागी ऑफिस, मॉल, दवाखाना, कोचिंग क्लास उभा राहतो. यातली प्रत्येक जागा दूषित आहे असे मी अजिबात म्हणत नाही. बऱ्याच जागा तपासल्यावर स्वच्छ निघतात आणि तसे लिहून देताना मला आनंदच होतो. पण ते तपासल्यावर कळते, आधी नाही.

‘कमर्शियल जागा आहे मॅडम, तिथे कोण राहणार आहे?’ हे मला नेहमी ऐकवले जाते. कमर्शियल म्हणजे माणसे नाहीत असे थोडेच आहे? ऑफिसांच्या इमारतीत पाळणाघर असते, दवाखाना असतो, कॅन्टीन असते. टँकरचा खर्च वाचावा म्हणून आवारात बोअर मारलेली असते. आणि या सगळ्यांच्या आधी तिथे उतरतो तो खड्ड्यात उभा राहून माती उपसणारा मजूर. त्याच्या पायात कधी चप्पल असते, कधी तीही नसते.

धातूंची अडचण अशी की ते नष्ट होत नाहीत. रंगाच्या कारखान्यातला थिनर हळूहळू उडून जातो, सांडलेले तेल जिवाणू थोडेफार खातात. शिसे, निकेल, कॅडमियम, क्रोमियम मात्र जिथे पडले तिथे राहतात, नाहीतर पाण्याबरोबर पुढे सरकतात. यातही क्रोमियमची गोष्ट वेगळी आहे. त्याची दोन रूपे आपल्या कामाची. त्रिसंयुजी क्रोमियम मातीला धरून बसते, सहसा पाण्यात उतरत नाही. षट्संयुजी, ज्याला प्रयोगशाळेत सगळे हेक्झाव्हॅलंट म्हणतात, ते पाण्यात सहज विरघळते, पाण्याच्या वाटेने दूर जाते आणि कर्करोगाला कारण ठरते. नळाच्या तोट्या, सायकलची हँडले आणि मोटारसायकलचे भाग चकचकीत करणाऱ्या क्रोम प्लेटिंगच्या टाकीत असते ते नेमके हेच दुसरे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. शिशाची मर्यादा ०.०१, निकेलची ०.०२ आणि कॅडमियमची तर ०.००३ मिलिग्रॅम. इतक्या थोड्या धातूला रंग, वास, चव काहीच नसते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका जुन्या वसाहतीत आमचे मशीन लागले होते. जागेच्या कागदांवर ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ एवढेच लिहिलेले. महामंडळाच्या फायलीत तेच, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुन्या संमतीपत्रातही तेच. आवारात साठीच्या पुढचे एक वॉचमन होते, बंद पडलेल्या कारखान्यातलेच जुने कामगार. आम्ही नकाशावर खुणा करत होतो तेव्हा ते शांतपणे शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘मागचा गाळा भाड्यानं दिला होता ताई. पॉलिशवाल्याला. क्रोमची टाकी इथं, निकलची तिकडं. माल धुतलेलं पाणी या कोपऱ्यातल्या खड्ड्यात.’

‘खड्डा भरला की काय करायचे?’ मी विचारले.

‘भरतच नव्हता. आपोआप जिरायचा.’

आमच्या नकाशात त्या कोपऱ्यात एकही बोअर नव्हती. तिथे एक आणि उताराच्या बाजूला आणखी एक, अशा दोन बोअर आम्ही त्या दिवशी वाढवल्या. कोबा कापला. खाली विटांच्या तुकड्यांचा भराव, त्याखाली मुरूम. ऑगर, म्हणजे माती काढायचे गिरमिट, वर आला तेव्हा त्या तांबूस मुरमात पिवळ्या-हिरव्या रेघा होत्या, अगदी स्पष्ट, नखाने दाखवता येतील अशा. पुढे तिथल्या निरीक्षण बोअरचे पाणी पांढऱ्या कागदासमोर धरले तर फिकट पिवळे दिसत होते. प्रयोगशाळेचा आकडा आला तो पिण्याच्या मर्यादेच्या कित्येक पट होता. पण रंग दिसला तेव्हाच आम्हाला कळायचे ते कळले होते.

त्या वॉचमनकाकांच्या बोटांवर गोल, खोल व्रण होते. प्लेटिंगच्या कामगारांच्या हातांवर ते जगभर सापडतात. तरुणपणी नाकातून रक्त यायचे, डॉक्टरांनी आतला पडदा फाटल्याचे सांगितले होते, हेही त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले. क्रोमिक आम्लाच्या वाफेत वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या माणसाच्या नाकाचे असे होते, हे वैद्यकाला फार जुने ठाऊक आहे. जागेचा इतिहास कुठल्या कार्यालयात मिळाला नाही. तो या माणसाच्या अंगावर होता.

त्या तपासणीचे पुढे काय झाले ते सांगायलाच हवे, कारण माझ्या मागणीचे मूळ तिथे आहे. आमच्या ग्राहकाने अहवाल वाचला आणि सौदा सोडला. अहवाल त्याच्या मालकीचा, माझ्यावर गोपनीयतेचा करार. वर्षभरात ती जागा दुसऱ्या कोणी घेतली. त्याला काही माहीत होते की नाही, मला कळायला मार्ग नव्हता आणि सांगायची मुभा नव्हती. तिथे तळघरासाठी खोदकाम सुरू झाल्याचे मला त्या काकांच्या फोनवरून कळले. डंपर रात्री निघतात, म्हणाले.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या डंपरांची. शहरातल्या नव्या व्यापारी इमारतीला दोन-तीन मजली तळघर लागते. म्हणजे दूषित मातीचा बराचसा भाग इमारत उभी राहण्याआधीच तिथून गेलेला असतो. वरच्या ऑफिसात बसणाऱ्याच्या दृष्टीने जागा उलट सुरक्षित होते. पण ती माती जाते कुठे? भराव म्हणून कुठल्या तरी सखल जागेत, खाडीकाठी, कुणाच्या शेतात, गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला. खोदकामाच्या मातीवर सरकार रॉयल्टी घेते, ब्रास मोजते. तिच्यात काय आहे ते मोजत नाही. खड्ड्यात साचलेले भूजल पंप लावून पावसाळी गटारात सोडले जाते, गटार नाल्याला मिळते, नाला खाडीला. धोकादायक कचऱ्यासाठी तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी खास बांधलेल्या भरावभूमी आहेत. तिथे माती नेणे महाग पडते. मग जिची तपासणीच झाली नाही ती माती तिथे कोण नेईल?

आता कोणी म्हणेल, इमारत बांधताना सॉइल टेस्ट होतेच की. होते. पण ती पायासाठी असते. खडक किती खोल आहे, माती किती भार सोसेल, एवढेच त्यात पाहतात. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, त्यासाठीही माती-पाण्याचे नमुने घेतात. ते मी अनेकदा वाचले आहेत. बहुधा वरवरची माती, त्यात सामू, नत्र, स्फुरद, पालाश आणि एखाद-दोन धातू. शेतात खत किती घालावे हे सांगायला ती तपासणी ठीक आहे. गाडून टाकलेला प्लेटिंगचा खड्डा तिच्यात सापडत नाही.

खरी तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी चौकशी: जुने नकाशे, उपग्रहाची मागच्या वर्षांची चित्रे, संमतीपत्रे, प्रत्यक्ष फेरी आणि जुन्या कामगारांशी बोलणे. आपल्याकडे कागद अपुरे असतात म्हणून हे शेवटचे सगळ्यात महत्त्वाचे. चौकशीत संशय आला तरच दुसरा टप्पा, म्हणजे बोअर आणि नमुने. इथे घाई केली की सगळे वाया जाते. आपल्याकडे खाली बेसाल्ट. त्यात पाणी वाळूतल्यासारखे सरळ पाझरत नाही, मुरमातून आणि खडकातल्या फटींतून वाट काढते. एका बोअरला दूषित पाणी लागते आणि दहा-पंधरा पावलांवरच्या दुसरीला स्वच्छ. नेहमीची पाण्याची बोअर साठ-सत्तर मीटर खोल आणि आतून उघडी असते, वरचे दूषित पाणी खालच्या पाण्यात मिसळून जाते आणि अहवालात आकडा छान येतो. म्हणून आम्ही उथळ बोअर घेतो, नेमक्या थरापुरता चिरा पाडलेला पाइप घालतो, भोवती बारीक खडी भरतो आणि वरचा भाग बेंटोनाइटने बंद करतो. शिवाय एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, असे दोनदा तरी पाणी पाहावे लागते. पाणी वर चढले की ते आधी कोरडी असलेली माती भिजवते आणि तिच्यातले धातू घेऊन येते.

पाया तपासणारी मशीन पाणी सोडत खडक कापतात. त्या पाण्याने नमुना धुऊन निघतो, म्हणून मातीचा नमुना कोरड्या ऑगरने घ्यावा लागतो. इतर धातूंसाठीचे भूजल जागेवरच गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालतात. षट्संयुजी क्रोमियमच्या बाटलीत मात्र आम्ल घालायचे नाही, कारण त्याने रूपच बदलते. ती बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवायची. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारी पोहोचला तर तो आकडा कामाचा नाही. हे सगळे इतके तपशीलवार लिहिते, कारण सक्ती आली की पाठोपाठ स्वस्तातले अहवालही येतील आणि त्यात ‘काही आढळले नाही’ असे लिहिलेले असेल. आढळले नाही की शोधलेच नाही, हे वाचणाऱ्याला ओळखता आले पाहिजे.

दुसऱ्या टोकाचाही धोका आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मुळातच क्रोमियम, निकेल आणि तांबे भरपूर असते. आपल्या काळ्या मातीत किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास क्रोमियम सहज सापडते, तांबे कित्येकदा त्याहून जास्त. कॅनडाच्या निवासी जमिनीच्या मार्गदर्शक आकड्यांत क्रोमियम ६४ आणि तांबे ६३ आहे. ते आकडे जसेच्या तसे उचलले तर कधी कारखाना न पाहिलेले शेतही दूषित ठरेल! म्हणून प्रत्येक ठिकाणी शेजारच्या अस्पर्श मातीचा नमुना घेऊन तुलना करावी लागते, आणि एकूण क्रोमियमवर न थांबता षट्संयुजी वेगळे मोजावे लागते. बेसाल्टमधले क्रोमियम त्रिसंयुजी असते. ते तिथे कोट्यवधी वर्षे आहे आणि कुणाला त्रास देत नाही. शिशाचे उलट. आपल्या खडकात ते नाममात्रच असते, त्यामुळे मातीत शिसे भरपूर सापडले तर ते माणसाने आणलेले आहे असे बरेच खात्रीने म्हणता येते. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या भागांच्या मातीची अशी नैसर्गिक पातळी सरकारने एकदाच नीट मोजून प्रसिद्ध केली, तर निम्मे वाद होणारच नाहीत.

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. या कामात आयुष्य घालवलेल्या आम्हा लोकांना त्यांची फार वर्षे प्रतीक्षा होती. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. ज्याने दूषित केले त्याने खर्च द्यायचा. तेव्हाच्या माहितीनुसार देशात अशी १०३ स्थळे नोंदली गेली होती आणि सफाईचे काम जेमतेम सात ठिकाणी सुरू झाले होते. जागा दूषित ठरल्यावर ती किती काळात सुरक्षित करायची, याची कालमर्यादा मात्र या नियमांत नाही. तमिळनाडूतल्या राणीपेटचा क्रोमेट कारखाना नव्वदच्या दशकात बंद पडला आणि दोन लाख टनांहून अधिक क्रोमियमयुक्त गाळ मागे ठेवून गेला. तो गाळ पुढे किती वर्षे पावसात भिजत पडून राहिला हे पाहिले, म्हणजे कालमर्यादा का हवी ते कळते.

त्याहून मोठी उणीव मला वाटते ती अशी, की हे सगळे संशयापासून सुरू होते. संशय कुणाला येणार? राणीपेटचा ढिगारा दिसतो. कोदईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ साली बंद झाला तो स्थानिक लोक आणि कार्यकर्ते पाऱ्याचा भंगार कचरा घेऊन पुढे आले म्हणून. पण मागच्या गाळ्यातला, कोब्याखाली गेलेला खड्डा कुणाला दिसणार आहे? जिल्हाधिकारी कार्यालयात तो ओळखणारा माणूस नाही आणि कुणी तक्रार करण्याची शक्यताही नाही. मात्र त्याच जागेची फाइल वापर बदलताना, हस्तांतराची परवानगी घेताना, नकाशे मंजूर करताना सरकारच्या टेबलावरून एकदा नव्हे अनेकदा जाते. तपासणी तिथे लावा. त्या वेळी जागेवर मशीन असते, जमीन उघडी असते आणि व्यवहारात पैसाही असतो. इमारत उभी राहिल्यावर यातले काहीच उरत नाही.

अमेरिकेत हे शहाणपण फार महागात मिळाले. नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या जागेत एका रसायन कंपनीने हजारो टन कचरा पुरला आणि १९५३ साली ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. खाली रसायने आहेत हे खरेदीखतात लिहिलेले होते. तरी तिथे शाळा झाली, शेजारी घरे झाली आणि १९७८ मध्ये कुटुंबांना तिथून हलवावे लागले. दोन वर्षांनी आलेल्या कायद्याने जागेच्या आजच्या मालकावरही सफाईची जबाबदारी टाकली. ती टाळायची तर खरेदीपूर्वी योग्य चौकशी केली होती हे दाखवावे लागे. मग बँकाच कर्जाआधी अहवाल मागू लागल्या आणि १९९३ मध्ये त्या चौकशीची ठरावीक पद्धत प्रसिद्ध झाली. आज तिथे व्यापारी जागेचा सौदा सहसा या अहवालाशिवाय पुढे सरकत नाही. सरकारी निरीक्षक दारोदार फिरवून जे साधले नसते ते कर्ज देणाऱ्याच्या एका अटीने साधले. आपल्या बँकांना ही अट घालायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही. दूषित जमीन तारण म्हणून धरणे त्यांच्याही हिताचे नाही.

यावर माझ्या ओळखीचे उद्योजक चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. एका छोट्या प्लॉटचा मालक मला म्हणाला, ‘वडिलांनी गाळा भाड्याने दिला होता. पॉलिशवाला कधीच गेला, गावाला वारलाही असेल. आता मी म्हातारपणी जागा विकायला काढली तर तुम्ही माझा भाव पाडणार.’ त्याला उडवून लावणे सोपे आहे, पण बरोबर नाही. त्या काळात तसे करू नये हे त्याच्या वडिलांना कोणी सांगितले नव्हते आणि सांडपाणी नेऊन टाकायला सामाईक सोयही नव्हती. अशा मालकांसाठी राज्याने निधी उभारावा, विकासशुल्काचा लहानसा हिस्सा त्यात टाकावा, आणि जो स्वतःहून तपासून घेऊन अहवाल जाहीर करील त्याला दंड नको, मदत हवी.

दूषित सापडले म्हणजे सगळी जमीन उकरून तळोज्याला न्यायची, असेही नसते. षट्संयुजी क्रोमियमवर फेरस सल्फेटची प्रक्रिया केली की ते न सरकणाऱ्या त्रिसंयुजी रूपात जाते. कधी खड्ड्यापुरती माती काढून भागते. कधी जागा काँक्रीटखाली तशीच ठेवून बोअर मारायला मनाई करणे आणि दरवर्षी पाणी तपासत राहणे पुरते, मात्र ती मनाई मालमत्ता पत्रकावर नोंदलेली हवी, नाहीतर चौथ्या मालकाला ती कळणार नाही. माती किंवा पाणी माणसापर्यंत पोहोचण्याची वाट आहे का आणि ती कशी बंद करता येईल, हे आधी पाहायचे. खर्च त्यानुसार ठरतो. पाया तपासायला बोअर घ्यायच्याच असतात. त्यातच दोन-चार कोरड्या ऑगरच्या बोअर वाढवल्या तर तळघराच्या खर्चात त्या जाणवणारही नाहीत.

राज्य सरकारकडे आणि महारेराकडे माझे मागणे त्यामुळे फार मोठे नाही. औद्योगिक भूखंडाचा वापर बदलण्याच्या अर्जासोबत पहिल्या टप्प्याच्या चौकशीचा अहवाल घ्या. प्लेटिंग, बॅटरी, रंग, गॅल्व्हनायझिंग, चामडे, पारा यांपैकी काही तिथे झाले असेल तर दुसरा टप्पा सक्तीचा करा. खोदकामाच्या मातीला रॉयल्टीची पावती देताना प्रयोगशाळेचा दाखला मागा. अहवाल ग्राहकाच्या कपाटात राहू देऊ नका, टायटल रिपोर्टसारखाच महारेराच्या संकेतस्थळावर टाका, म्हणजे माझ्यासारख्याला करारामुळे गप्प बसावे लागणार नाही. आणि जिल्हा प्रशासनाच्या सहामाही यादीत प्लॉट नंबर आणि सर्व्हे नंबर मराठीत छापा.

तोवर एक काम वाचकांना स्वतः करता येईल. तुमच्या ऑफिसच्या किंवा सोसायटीच्या आवारात बोअर असेल आणि जागा पूर्वी कारखान्याची असेल, तर एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत पाणी द्या. नुसती पाणी तपासणी मागितली तर कठीणपणा, क्षार आणि जिवाणू एवढेच तपासून मिळतात. शिसे, निकेल, कॅडमियम आणि हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ही चार नावे अर्जावर लिहून द्या. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा, पंप थोडा वेळ चालू ठेवून मगच पाणी भरा, नमुना सकाळी घ्या आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा.